खाडीकाठच्या पाणथळ जागांची प्रकृतिपरीक्षा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रकृतिपरीक्षा’ हा शब्द वाचून आपल्यापैकी काही ज्येष्ठ मंडळी मधुमेह किंवा रक्तदाब यांवरील व्याख्यान ऐकण्याच्या अपेक्षेने आली असल्याचे मला प्रवेशद्वारापाशीच कळले. त्यांची मी आरंभीच क्षमा मागतो. ज्या प्रकृतीविषयी मी बोलणार आहे ती खाडीची, चिखलाची आणि त्या चिखलात उभ्या असलेल्या झाडांची आहे. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकविले. त्यापलीकडे या विषयात माझा अधिकार एवढाच की, गेली काही वर्षे एका खाडीकाठच्या चिखलात गुडघाभर उतरून मी झाडे मोजीत आलो आहे.

घाट चढून कोल्हापुरास येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत समुद्राचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर आपल्या घरोघरीच्या ट्रंकेत आहे. कोणी नोकरीच्या, कोणी दुकानाच्या निमित्ताने येथे आले. पण कुलदैवत, पडके घर, चार माड आणि खाडीकाठचा खार जमिनीचा तुकडा हे सर्व खाली कोकणातच राहिले. त्या तुकड्याचा सातबारा काढला तर त्यावर दहा-वीस नावे निघतात, आणि त्यांतील निम्मे लोक आज या सभागृहात बसलेले असतात! त्या जमिनीचे काय चालले आहे हे मात्र त्यांतील एकासही ठाऊक नसते. मलाही नव्हते.

भूगोलाच्या दृष्टीनेही हा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. समुद्र येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे. गगनबावड्याच्या कड्यावर पडलेल्या पावसाचे दोन भाग होतात. पूर्वेचा भाग कुंभीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीस कृष्णेत आणि शेवटी आंध्रप्रदेशाच्या किनाऱ्यावरील कांदळवनांत जातो; पश्चिमेचा भाग उभा कडा उतरून वाघोटनच्या खोऱ्यातून विजयदुर्गाच्या खाडीस मिळतो. म्हणजे डोंगरावर आपण झाडे तोडतो वा रस्ते फोडतो त्याची माती कोठे तरी एखाद्या खाडीच्या तोंडी जाऊन बसतेच, आणि धरणांनी ती माती अडविली तर दूरच्या त्रिभुज प्रदेशास तिची उणीव भासते. खारेपाटण हे एके काळचे नामांकित बंदर. दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा इ. स. १००८ चा ताम्रपट तेथेच सापडला. आज तेथे उभे राहून येथवर गलबते येत होती असे नातवास सांगितले, तर तो आपल्याकडे संशयाने पाहील, इतका गाळ त्या खाडीत साचला आहे.

आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. समुद्रापासून इतक्या दूर असूनही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील कांदळवनांचा अभ्यास ज्या थोड्या ठिकाणी प्रथम नेटाने झाला, त्यांत आपले शिवाजी विद्यापीठ आहे. १९६२ साली हे विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्याच दशकात वनस्पतिशास्त्र विभागातील प्रा. जी. व्ही. जोशी व त्यांचे सहकारी खाऱ्या पाण्यातील झाडे प्रकाशसंश्लेषण कसे करतात यावर शोधनिबंध लिहीत होते. त्यांच्याच परंपरेतील प्रा. एल. जे. भोसले यांच्या पुढाकाराने १९८५ साली कांदळवनांवरील राष्ट्रीय परिसंवाद येथे कोल्हापुरात भरला आणि त्याचा ग्रंथ १९८६ साली विद्यापीठाने प्रसिद्ध केला. घाटमाथ्यावरच्या प्रयोगशाळेत खाडीचे झाड समजून घेण्याची परंपरा अशी आपल्या गावची आहे.

आता या झाडांविषयी थोडे. कोकणात आपण सरसकट ‘तिवरे’ म्हणतो, पण त्यांत तिवर, कांदळ, चिपी, काजळा, गेवा, मारांडी असे अनेक प्रकार आहेत. तिवराचे पान चाटून पाहावे. ते खारट लागते, कारण मुळांवाटे आलेले मीठ हे झाड पानांतील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. कांदळाची युक्ती निराळी. तो बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवून ठेवतो, आणि त्याचे बी आईच्या अंगावर असतानाच रुजून हातभर शेंगेसारखे लोंबू लागते. खाली पडताच ते चिखलात रुतते किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जाऊन रुजते. चिपीचा तर शासनाने २०२० साली राज्य कांदळवृक्ष म्हणून गौरव केला. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवर व चिपी यांची मुळे जमिनीतून बोटांसारखी वर येतात. त्यांस श्वासमुळे म्हणतात. ही श्वासमुळे भरतीत बुडावयाची व ओहोटीत उघडी पडावयाची, हा त्यांचा दिवसातून दोन वेळांचा श्वासोच्छ्वास. ती भरावाखाली गाडली गेली किंवा साचलेल्या पाण्यात अखंड बुडून राहिली की झाड गुदमरते. मात्र ते लगेच मरत नाही. दोन-चार वर्षे हिरवे दिसत राहते, आणि येथेच परीक्षेचा खरा प्रश्न उपस्थित होतो.

आकाशातून पाहणारास हा फरक कळतो काय? डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून उपग्रहाच्या चित्रांवरून कांदळवनांचे क्षेत्र मोजीत आली आहे. महाराष्ट्राचे आकडे ऐकण्यासारखे आहेत. १९८७ साली १४० चौरस किलोमीटर, २०१५ च्या अहवालात २२२, २०१७ च्या अहवालात ३०४, २०१९ मध्ये ३२० आणि २०२१ मध्ये ३२४. ही वाढ आनंदाची आहे यात संशय नाही. २०१२ साली राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, न्यायालयांनी तोड थांबविली, तिचे हे फळ आहे. तथापि दोन वर्षांत ब्याऐंशी चौरस किलोमीटर वन केवळ उगवून आले असे मानणे मला जड जाते. पाहणाऱ्या डोळ्याची सुधारणाही त्यात काही अंशी असली पाहिजे, असे मला वाटते. शिवाय त्या डोळ्यालाही मर्यादा आहे. या पाहणीसाठी वापरल्या गेलेल्या चित्रांतील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील सुमारे साडेतेवीस मीटरांचा चौकोन, आणि एक हेक्टरापेक्षा लहान तुकडा त्या नकाशात धरला जात नाही. राज्यातील मोठी कांदळवने रायगड, ठाणे व मुंबई उपनगर या बाजूस आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील आपल्या खाड्या डोंगरांत अडकलेल्या, अरुंद. त्यांच्या काठची झाडे कित्येक ठिकाणी दोन-तीन रांगांचीच. ठाण्याच्या खाडीवर २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले, २०२२ साली ती रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरली आणि तिच्याकडे विद्वानांचे लक्ष आहे. आपल्या गावच्या दोन रांगांकडे कोण पाहणार?

येथे माझी स्वतःची कथा सांगणे भाग आहे, आणि ती फारशी भूषणावह नाही. वाघोटनच्या खाडीकाठी आमची थोडी खार जमीन होती. लहानपणी मी तेथे भात पाहिले आहे. खाडीच्या बाजूस मातीचा बांध, त्यात लाकडी फळ्यांची उघाडी; ओहोटीस फळी वर करून पावसाचे पाणी सोडावयाचे, भरतीपूर्वी ती खाली करून खारे पाणी अडवावयाचे. दरवर्षी सर्वांनी मिळून बांधबंदिस्ती करावयाची हा शिरस्ता होता. पुढे आम्ही भाऊ-भाऊ घाटावर आलो. गावी राहिलेले चुलतबंधू बांधाच्या खर्चासाठी पत्रे लिहीत. आम्ही “पुढच्या महिन्यात पाठवितो” असे उत्तर देत असू. खार जमिनींसाठी १९४८ चा आणि पुढे १९७९ चा असे कायदे झाले, शासनाने कितीतरी बांध बांधले, पण आमचा बांध खाजगी आणि आमचा आळसही खाजगी. एका पावसाळ्यात उघाडीची कुजलेली फळी गेली, तिच्या मागोमाग बांधास भगदाड पडले आणि भात संपले.

मी निवृत्तीनंतर गेलो तेव्हा त्या शेतात माझ्या उंचीची तिवरे उभी होती! आमच्या निष्काळजीपणाचे निसर्गाने वन केले होते. मास्तरकीची खोड जात नाही. मी दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा एक चौकोन दोरीने आखला, चार कोपऱ्यांस खुंट्या मारल्या आणि त्यातील झाडे, श्वासमुळे व रोपे मोजून वहीत लिहिली. तिवराची फळे पावसाळ्यात गळतात, म्हणून दिवाळीनंतर गेले म्हणजे त्या वर्षीची नवी रोपे दिसतात. पहिल्या वर्षी रोपे मोजता मोजता पाठ धरली. पुढच्या वर्षीही तसेच. मग मधल्या काळात वरच्या अंगास एक रस्ता झाला. भराव टाकताना भरतीचे पाणी ज्या ओहोळातून आत येई तो बुजला. त्या वर्षी झाडे तशीच हिरवी होती. गावात कोणास काही वावगे वाटले नाही. चौकोनात मात्र नवी रोपे मोजावयास एका हाताची बोटे पुरली. त्यापुढील वर्षी एकही नाही.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना हे दृश्य अपरिचित नाही. शिमग्यास गावी गेल्यावर घरांना कौले असतात, अंगण सारवलेले असते, ओटीवर आजोबा बसलेले असतात. पण शाळेत मुले नसतात. दुरून पाहणारास गाव शाबूत दिसतो. माझे वन त्या गावासारखे झाले होते.

मी अर्ज केले. पहिल्या दोन अर्जांस उत्तर आले नाही. तिसऱ्यास मी चार वर्षांच्या वहीची नक्कल जोडली, तेव्हा एक तरुण अभियंता स्वतः येऊन पाहून गेला आणि भरावाखालून मोरी घालण्यात आली. मोरी बसली ती मात्र हातभर उंच. त्यामुळे उधाणाच्या भरतीसच पाणी आत येते, भांगाच्या भरतीस येत नाही. तेवढ्या पाण्यावर रोपे धरतात की नाही हे यंदा दिवाळीनंतर कळेल.

या चौकोनापाशीच मला एक गुरू भेटली. खाडीत कुर्ल्या धरणारी वृद्ध बाई. मी वाकून रोपे मोजीत असता ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मास्तरांनू, झाडां मोजतास, पण कुर्ल्यांची बिळां कोण मोजतलो?” मी वरमलो. खेकड्यांची बिळे ही चिखलाची नाके होत. त्यांवाटे भरतीचे पाणी व हवा खोल जाते, पडलेली पाने खेकडे आत ओढून नेतात आणि त्यांतूनच खाडीचे अन्न तयार होते. पुस्तकात मी हे वाचले होते, शिकविलेही होते. मोजण्याचे मात्र सुचले नव्हते. तेव्हापासून वहीत बिळांचा रकाना आहे. वेंगुर्ल्यास मांडवीच्या खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या स्त्रिया २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवितात. रोज तेच पाणी, तीच झाडे पाहणाऱ्या अशा डोळ्यांची किंमत उपग्रहास येत नाही.

एक चौकोन पुरेसा नाही हे मी जाणतो. एका नाडीवरून साऱ्या गावाचे आरोग्य ठरविता येत नाही. सबंध किनारपट्टीची परीक्षा कशी करावी याचा एक मोठा नमुना अमेरिकेतील लुइझियाना राज्यात आहे. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळच्या त्या प्रदेशाने १९३२ ते २०१० या काळात सुमारे पावणेपाच हजार चौरस किलोमीटर भूमी समुद्रास गमावली. कोठे बांध, कोठे भराव, कोठे लागवड असे नाना उपाय झाले. पण कोणत्या उपायाने गुण आला हे सांगता येईना, कारण प्रत्येकजण आपापल्या जागी आपल्या रीतीने मोजीत होता. तेव्हा २००३ नंतर त्यांनी किनाऱ्यावर सुमारे ३९० ठिकाणे निश्चित केली, त्यांत बिघडलेल्या जागा आल्या तशा बऱ्या स्थितीतल्याही आल्या, आणि सर्व ठिकाणी पाण्याची पातळी, खारटपणा, वनस्पती व जमिनीची उंची एकाच पद्धतीने मोजण्यास आरंभ केला.

त्यांतील एक साधी युक्ती मला फार आवडली. चिखलावर फेल्डस्पार नावाच्या खनिजाची पांढरी भुकटी पसरतात. काही महिन्यांनी तेथील चिखलाचा उभा काप काढला की काळ्या मातीत एक पांढरी रेघ दिसते. तिच्यावर जितका थर तितका नवा गाळ. जवळच एक धातूची कांब खोल, घट्ट थर लागेपर्यंत ठोकलेली असते. तिच्यापासून चिखलाचा पृष्ठभाग किती वर-खाली झाला ते मोजतात. गाळ साचूनही उंची वाढली नाही, तर जमीन आतून खचत आहे असे समजावे. आपल्याकडे, खारेपाटणसारख्या ठिकाणी, दुखणे उलट म्हणजे गाळ अति होण्याचे असू शकेल. तरी मोजण्याची रीत तीच. आपल्या देशातही असे एक व्रत चालू आहेच. दर जानेवारीत पक्षिमित्र पाणपक्ष्यांची गणना करतात. ती १९८७ पासून चालत आली आहे. तीच जागा, तोच ऋतू, तीच रीत, एवढाच तिचा नियम.

आता ज्या गोष्टीमुळे माझ्याच घरात माझ्याशी अबोला धरला गेला, ती सांगतो. आमच्या तुकड्यास गिऱ्हाईक आले होते. कोलंबीची तळी करण्याचा त्यांचा विचार होता. रक्कम लहान नव्हती, आणि सातबाऱ्यावरील नावांपैकी दोघांच्या घरी लग्नकार्ये होती. माझ्या वहीची बातमी लागताच गिऱ्हाईक गेले. “तुम्ही मोजलेत म्हणून जमीन अडकली,” असे मला तोंडावर ऐकविण्यात आले. दुखावलेल्या माणसास कायदा सांगू नये, म्हणून तेव्हा मी गप्प बसलो, येथे सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निर्णय दिला. कांदळवनाचा नाश करता येणार नाही, त्याच्या सभोवार पन्नास मीटरांत बांधकाम करता येणार नाही, मग जमीन सरकारी असो वा खाजगी, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे जमीन अडकली ती तिवरे उगवली त्या दिवशी, आणि तिवरे उगवली ती आम्ही फळीचे पैसे पाठविले नाहीत म्हणून. वही त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

उलट, ज्यांचे बांध अजून शाबूत आहेत आणि ज्यांच्या खारीत अद्याप भात होते, त्यांना तर वहीचा आधारच आहे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत; त्याआधी काळा राता, भुरा राता या जुन्या जाती होत्याच. ज्या शेतात दरवर्षी भात निघते व ज्याचा बांध दरवर्षी दुरुस्त होतो, त्याची तारीखवार नोंद घरात असली तर उद्या कोणी नकाशावर बोट ठेवून ‘ही पाणथळ जागा’ किंवा ‘ही पडीक जागा’ म्हणाल्यास दाखविण्यास काही तरी हाती असते. वन आणि भात यांत भांडण लावण्याचा माझा हेतू नाही. ज्यांची तिवरे आहेत त्यांनी तिवरे मोजावीत, ज्यांचे भात आहे त्यांनी बांध मोजावा. माझ्या भाच्यास हे पटले आहे. त्याच्या वडिलांस अजून नाही.

काम फार अवघड नाही. कार्तिक शुद्ध अष्टमीच्या सुमारास भांग असतो व दुपारच्या वेळी ओहोटी सापडते. त्या दिवशी दोन तास पुरतात. दोरी, चार खुंट्या, वही, आणि चिखलात हरवणार नाहीत अशी पादत्राणे. माझी दोन जोडपी त्या चिखलातच आहेत. खुंट्या एकदा मारल्या की हलवू नयेत, आणि एखादे वर्ष जाणे झाले नाही तर त्या रकान्यात ‘गेलो नाही’ असेच लिहावे, अंदाजाने भरू नये. मागील वर्षी मी स्वतः गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे गेलो नाही आणि पुतण्याने घरबसल्या आकडे ‘सुचविले’. ते मी खोडून टाकले आहेत.

चिटणीसांच्या परवानगीने दाराजवळच्या टेबलावर एक कोरी वही ठेविली आहे. ज्यांची खाडीकाठी जमीन आहे त्यांनी गावाचे नाव, खाडीचे नाव, आणि बांध शाबूत आहे की फुटला एवढेच लिहावे. नावे विजयदुर्गापासून तेरेखोलपर्यंतची आली तर कोणत्या खाडीस कोणी जावयाचे ते आपण दसऱ्याच्या बैठकीत ठरवू. अष्टमीस मी विजयदुर्गाच्या वाटेने निघणार आहे. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत.